सात जण, २१६ लिटर

विजेवर चालणारी सात आसनी गाडी घ्यायची ठरली की घरात एक तज्ज्ञ समिती आपोआप स्थापन होते. यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहिलेला भाचा अध्यक्ष होतो. अंतिम निर्णय मात्र पैसे न देणाऱ्या काकांचा.

समिती आधी रेंजला हात घालते. किया कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्हीची मोठी बॅटरी ५१.४ किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत तेवढ्या युनिटांची. दावा ४९० किलोमीटरचा. किलोमीटरला युनिटचा जेमतेम दहावा भाग. आकडा खोटा नाही. तो प्रयोगशाळेतल्या रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी ९० च्या पुढे न जाता काढलेला आहे. रोलरवर खड्डे नसतात, आणि मागून ‘एसी वाढव रे’ म्हणणारी आत्याही नसते. बीवायडी ईमॅक्स ७ चा ५३० किलोमीटरचा दावा तर एनईडीसी या जुन्या चाचणी पद्धतीचा. युरोपने ही पद्धत २०१७ पासून निवृत्त करायला घेतली. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून पुन्हा रुजू होण्याची सोय फक्त अधिकाऱ्यांनाच का असावी?

आता बोरघाट. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर चढते. माणसं-पिशव्या धरून सव्वादोन टनांचं ओझं तेवढं वर न्यायला तीनहून जास्त युनिटं नुसत्या उंचीपायी जातात. कागदावरचे तीसेक किलोमीटर घाटातच संपले. ‘उतारावर परत मिळतात,’ असं अध्यक्ष सांगतात. खरंय, बराचसा भाग मिळतो. पण पुण्याला निघालेल्या माणसाला तो वसूल करायला परत खोपोलीला उतरावं लागेल.

मग सामान. सातही आसनं उभी असताना कियाची डिकी २१६ लिटरची, ईमॅक्स ७ ची १८० लिटरची. कियात माणशी एकतीस लिटर, म्हणजे एक जाडजूड दप्तर. त्यात आजीची औषधं, फराळाचे डबे आणि येताना आंब्याची पेटी. तिसरी रांग पाडली की जागा ऐसपैस, माणसं पाच. उरलेली दोन कोणती, हे माहितीपत्रक सांगत नाही. वहिनींना मात्र लगेच सुचतं.

याच तिसऱ्या रांगेवरून २०२५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनला आयडी बझ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दोष काय, तर मागचं आसन फार रुंद! पट्टे दोनच, पण तिसरा माणूस सहज मावतो. उपाय म्हणून गादी नसलेले तुकडे बसवून बाक अरुंद करायचं ठरलं. आपल्याकडे हाच दोष जाहिरातीत ठळक छापला असता आणि समितीने ‘पोरं असतील तर चार’ असा शेरा मारला असता. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, याची समितीच्या इतिवृत्तात नोंद नाही.

राहिलं चार्जिंग. कियाची मोठी बॅटरी शंभर किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के ३९ मिनिटांत. चार्जर चालू असेल आणि पुढे रांग नसेल तर. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिटं धरली तर रात्रभरात निम्मी बॅटरी भरते. रोजच्या धावपळीला तेवढं पुरतं. फक्त तो प्लग पार्किंगमध्ये बसवायचा विषय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत निघतो, आणि तिथे जलद चार्जिंगची सोय अजून झालेली नाही.

तेव्हा वाचकहो, दाव्यातून तिसरा हिस्सा वजा करा आणि शोरूमला एकटे जाऊ नका. सातही जणांना न्या, भरलेल्या बॅगा न्या, सगळ्यांना पट्टे लावून बसवा. मग एसी चालू ठेवून एखादा चढ मागा. मागचं दार लागलंच नाही, तर पुढचे आकडे वाचायची गरज नाही.