गच्चीवरून तक्रार

प्रक्षेपणाविषयी माझी काहीही तक्रार नाही. पुणेकरांना दूरदर्शन दिसावं म्हणून १९७३ साली सिंहगडावर सहक्षेपण केंद्र सुरू झालं आणि गडाने आपलं काम चोख केलं. हवा स्वच्छ असली की आमच्या गच्चीवरून गडावरचा मनोरा नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. जो मनोरा मला दिसतो, त्याने धाडलेली निवेदिका टीव्हीला का दिसू नये, हा प्रश्न घरात माझ्याखेरीज कोणालाच पडला नाही. बाकीच्यांकडे उत्तर तयार होतं : ‘जा रे, वर जाऊन जरा फिरव.’

ही आज्ञा घरातल्या सर्वांत धाकट्या पुरुषाला व्हायची. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी साडेनऊला आळीतल्या बऱ्याच गच्च्यांवर एकेक मुलगा लोखंडी नळीला मिठी मारून उभा दिसे. खाली सगळं कुटुंब हात जोडून बसलेलं. या मुलांच्या पदरात किती पुण्य पडलं, याची नोंद कुठेही नाही.

अँटेना फिरवणं अवघड नाही. अवघड आहे ती बातमी. मी वर, आई गॅलरीत, बाबा टीव्हीसमोर. मी ओरडायचं, ‘आलं का?’ आईने आत वळून विचारायचं, ‘आलं का हो?’ बाबा थोडा विचार करून सांगणार, ‘आलं होतं.’ हे ‘आलं होतं’ माझ्यापर्यंत पोचेस्तोवर नळी आणखी चार बोटं फिरलेली असायची. बाबांनी टीव्हीबाबत वर्तमानकाळ कधीच वापरला नाही. चित्र एक तर येऊन गेलेलं असे, नाहीतर ‘मघाशी होतं तेच बरं होतं.’ मघाशी म्हणजे नेमकं कधी, हे वर कळवायची पद्धत नव्हती.

त्यातून एखाद्या क्षणी पडद्यावरच्या मुंग्या जात, खरखर थांबे आणि खालून तिन्ही मजल्यांचा आवाज येई, ‘थांब! हलू नकोस!’ ही सूचना मी अँटेनाला उद्देशून आहे असं समजत असे. ती मला उद्देशून होती. दूरदर्शनच्या व्हीएचएफ लहरींची लांबी साधारण दीड मीटरपासून सहा मीटरांपर्यंत असे, म्हणजे साधारण माणसाच्याच मापाची. त्यामुळे अँटेनाजवळ उभा असलेला माणूस लहरी अडवतो, परतवतो आणि नकळत अँटेनाचाच एक भाग होतो. मी हात सोडला की चित्र जायचं. यावर घरच्यांनी काढलेला तोडगा म्हणजे मी हात सोडू नये.

या बाबतीत मला शिंतारो उदा या जपानी संशोधकाविषयी फार जवळीक वाटते. आपल्या गच्च्यांवरची ती काड्याकाड्यांची अँटेना १९२६ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात जन्मली. मागे एक लांब दांडी, मध्ये तार जोडायचा दुमडलेला द्विध्रुव, पुढे आखूड होत जाणाऱ्या काड्या. प्रयोगांची मेहनत मुख्यतः उदा यांची. त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगू यागी यांनी १९२८ मध्ये त्यावर इंग्रजीत लेख लिहिला आणि जग तिला यागी अँटेना म्हणू लागलं. प्रयोगांच्या वेळी गच्चीवर कोण होतं, हे मला कोणी सांगायला नको.

कावळ्यांबद्दल, संक्रांतीच्या मांजाबद्दल आणि खिडकीच्या फटीत चेचलेल्या त्या चपट्या वायरीबद्दल मी बोलणार नाही. बूस्टरबद्दल एवढंच, की तो चित्राइतक्याच निष्ठेने मुंग्याही वाढवतो.

खरी तक्रार डबल दिसण्याची आहे. प्रत्येक निवेदिकेच्या डाव्या खांद्यामागे तिचीच एक फिकट बहीण. एक लहर गडावरून थेट येई, दुसरी एखाद्या इमारतीवर आपटून उशिरा पोचे. पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढायला त्या टीव्हीला ५२ मायक्रोसेकंद लागत आणि एका मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते. आमचा पडदा वीस इंची, रुंदी जेमतेम ४० सेंटिमीटर. कंपासमधली पट्टी काचेला लावली. बहीण आठ मिलिमीटर सरकलेली होती. म्हणजे ती ३०० मीटर जादा चालून आली होती. यावरून अंतर कळतं, दिशा कळत नाही, त्यामुळे संशयित पुष्कळ होते. पण आमच्या आडव्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर, नुकतीच एक चार मजली सोसायटी उठली होती.

उपाय आहे. अँटेनाचं तोंड सरळ गडाकडे ठेवायचं नाही. थोडं वाकडं धरायचं, म्हणजे जिथून तिला कमीत कमी ऐकू येतं ती बाजू त्या इमारतीकडे होते. चित्र जरा फिकं पडतं, पण एकच राहतं. हे मी घरात समजावून सांगितलं. बाबा म्हणाले, मनोरा तिकडे आहे आणि तू तोंड इकडे करतोस, तुला कोणी शिकवलं? अँटेना पुन्हा गडाकडे वळवण्यात आली आणि बहीण परतली.

शेवटी मी त्या सोसायटीत गेलो. कोणाला काय बोलायचं हे ठरवलं होतं. दार एका काकांनी उघडलं. मी कुठल्या इमारतीतून आलो हे ऐकताच ते म्हणाले, बरं झालं आलास, तुमच्या गच्चीवरच्या टाकीबद्दल आम्ही कधीचं भेटायला येणार होतो. त्यांच्याकडेही दोन निवेदिका होत्या. मी विचारलं, किती सरकलेली? त्यांनी आत बघून हाक मारली, आतून कोणीतरी गॅलरीतल्याला विचारलं, आणि बऱ्याच वेळाने उत्तर आलं : ‘आठ मिलिमीटर होती.’