नानांचे वीस हजार

आमच्या सोसायटीतले नाना बँकेत कॅशियर होते. त्यामुळे आकडा जितका लांब, तितका तो त्यांना भरवशाचा वाटतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक आणली तेव्हा पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

"आणि तुझ्या त्या इन्व्हर्टरची बॅटरी केवढी? दीडशे! उचलायला दोन माणसं लागतात अन् आत फक्त दीडशे?"

एमएएचमधला पहिला एम 'मिली'चा. तो काढला की नानांचे उरतात २० अँपिअर-तास. माझे दीडशे तसेच्या तसे. शिवाय माझी बॅटरी १२ व्होल्टची, त्यांच्या पॉवर बँकेतला लिथियम सेल ३.७ व्होल्टचा. गुणाकार केला तर इकडे १,८०० वॉट-तास, तिकडे ७४. वीजबिलातलं एक युनिट १,००० वॉट-तासांचं असतं. म्हणजे वीस हजारांचा तो डोलारा युनिटच्या तेराव्या हिश्शाइतकाही भरत नाही.

गुणाकार नानांना रुचला नाही. ते भागाकारवाले. वीस हजारांना मोबाइलच्या पाच हजारांनी भागलं, उत्तर चार. मोबाइल जेमतेम अडीच-तीनदाच भरला, तेव्हा मधल्यामधे कुणीतरी करंट खातंय असा त्यांना संशय आला. खातंच होतं. सेलचे ३.७ व्होल्ट चढवून ५ करायचे, मोबाइलने ते पुन्हा उतरवून स्वतःच्या बॅटरीत भरायचे, या चढउतारात बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. व्होल्ट चढले की अँपिअर उतरतात, ते वेगळंच. खोक्यावर ५ व्होल्टला मिळणारी क्षमता बारीक अक्षरांत छापलेली असते, पण कॅशियर मोठ्या अक्षरांवर भाळला होता.

नव्या चार्जरवर '३ अँपिअर' वाचून मोबाइल फुटेल म्हणून त्यांनी तो कपाटात ठेवला. चार्जर ३ अँपिअरपर्यंत देऊ शकतो, किती घ्यायचे ते मोबाइल ठरवतो, हे त्यांना पटत नाही. समोर वाढलेलं असताना कुणी बेतानं घेतं, असं त्यांनी लग्नाच्या पंगतीत कधी पाहिलेलं नाही.

मग एकदा स्कूटर रुसली. नानांनी घरातल्या रिमोटांचे पेन्सिल सेल गोळा केले. दीड व्होल्टचा एक, आठ एकापुढे एक जोडले की १२. स्कूटरची बॅटरीही १२चीच. हिशेब चोख. बटण दाबलं, 'टक्' झालं आणि पुढे काही नाही. स्टार्टरला क्षणभर का होईना, डझनावारी अँपिअर लागतात. पेन्सिल सेलच्या पोटातच इतका रोध असतो, की एवढा करंट मागितला तर व्होल्टच कोसळतात. तीन दिवस त्यांच्या घरी टीव्हीचं चॅनल उठून बदलावं लागलं.

गेल्या महिन्यात मुलीकडे बंगळूरला निघाले, ते ३०,००० एमएएचची नवी पॉवर बँक घेऊन. १०० वॉट-तासांपुढची असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. पुण्याच्या विमानतळावर तपासणाऱ्या माणसानं ३० गुणिले ३.७ केलं आणि शांतपणे म्हणाला, "एकशे अकरा."

"तीस हजारांचे एकशे अकरा?" नाना कडाडले, "अहो, एवढा तर आम्ही आहेर करतो!"