कुलूप चोख, मालक बाहेर

आपलं जाळं किती भार पेलतं, हे तपासायला फेसबुकच्या अभियंत्यांनी ४ ऑक्टोबर २०२१ रोजी एक आज्ञा दिली. तपासणी इतकी कसून झाली की जगभरातल्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच आडवं झालं. असल्या आज्ञा अडवायला एक राखणदार प्रोग्राम नेमलेला होता. त्यातच नेमका बग निघाला. मग संपर्क तुटला म्हणजे आपणच आजारी, असं समजून नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरांनी बीजीपी या वाटाड्याकडचे आपले पत्ते मुकाट्याने मागे घेतले. (एवढी जनाची-मनाची साहेबलोकांत क्वचितच.) दुरुस्तीची हत्यारंही त्याच डीएनएसवर विसंबलेली! शेवटी माणसं डेटा सेंटरांत प्रत्यक्ष धाडली, तर तिथली सुरक्षा इतकी चोख की घरच्यांनाच आत शिरायला वेळ लागला. हे सगळं सुरू झालं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले. फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप बंद, म्हणून लोक घरचा राउटर बंद-चालू करत बसले. सहा-एक तास कुठल्याच ग्रुपवर 'शुभ रात्री'चा गुलाब फुलला नाही, तेवढाच काय तो फायदा.

तेव्हा नेटवर्कवाल्यांनो, तपासण्या खुशाल करा. फक्त सर्व्हर रूमची किल्ली कोणाकडे असते, ते आधी वॉचमनला विचारून ठेवा.