ट्रॅप गेला कुठं?

२०१८ च्या ऑक्टोबरात पांढरकवड्याच्या एका चहाटपरीवर उभा राहून मी मोबाइलवर ओरडत होतो, "ट्रॅप सुटला ना तिकडून? मग गेला कुठं? पुसदला पाठव, वणीला पाठव, पण कुठं तरी पाठव बाप्पा!"

टपरी एकदम गप्प झाली. स्टोव्ह तेवढा बोलत राहिला.

शब्द बरोबर होता, वेळ चुकली होती. त्या दिवसांत पांढरकवडा-राळेगावच्या जंगलात टी-१ वाघिणीचा शोध चालू होता. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. कॅमेरा ट्रॅप झाले, हत्ती झाले, पॅराग्लायडर झाले, शेवटी कॅल्विन क्लाइनच्या अत्तरापर्यंत मजल गेली होती. (२ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीनं गेली.) तेव्हा त्या गावात 'ट्रॅप' हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा नसतो, एवढं मला कळायला हवं होतं.

"वाघीण पुसदले पाठवून राह्यले का साहेब?" एका आजोबांनी कप खाली ठेवला. "पाठवा, लवकर पाठवा."

"वाघाचा नाही हो, लाचेचा ट्रॅप असन," दुसरा म्हणाला. "कोन सापडला, तलाठी काय?"

मी सांगितलं, नेटवर्कचा ट्रॅप. आजोबांना पटलं. "म्हंजे टॉवरच्या मांगं बसली हाये."

मी एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळतो. गावोगावच्या शाखांत एकेक स्विच, म्हणजे संगणक जोडणारी पेटी, आहे. लाइन पडली, पोर्ट मेला, वीज जाऊन परत आली, की त्यानं कोणाला तरी कळवायचं असतं. त्या कळवण्याला १९८८ सालापासून 'ट्रॅप' म्हणतात. नाव ठेवणारा यवतमाळ जिल्ह्यातला नव्हता, हे उघड आहे.

ही जुनी पद्धत म्हणजे निव्वळ दवंडी. कोतवाल चौकात यायचा, डफडं वाजवायचा, सांगायचं ते सांगून पुढच्या आळीला जायचा. कोणी ऐकलं का, ओसरीवर माणूस आहे की नुसती बकरी, हे पाहणं त्याच्या कामात बसत नसे. स्विचही १६२ नंबरच्या दारावर ओरडतो आणि मोकळा होतो. पोच मागणारा प्रकार पुढे १९९३ मध्ये आला, त्याला 'इन्फॉर्म' म्हणतात. पण आमच्या सगळ्या शाखांत दवंडीच चालते. त्यातही गंमत अशी, की रस्त्याच्या कामातल्या जेसीबीनं वायर तोडली तर तुटल्याची खबर त्याच तुटलेल्या वायरीनं यायची असते.

ओरडायचं कोणाकडे, याची यादी प्रत्येक स्विचच्या पोटात असते. ती पाहायला काळा पडदा उघडून आज्ञा टंकावी लागते; बटणं नाहीत, चित्रं नाहीत. परवा मे महिन्यात मी वणीच्या स्विचची यादी उघडली. पाच पत्ते होते. पहिला, निवृत्त झालेल्या साहेबांच्या संगणकाचा. त्या जागी आता पाण्याचा फिल्टर आहे. दुसरा पत्ता मधल्या काळात कर्जविभागाच्या प्रिंटरला मिळालेला. म्हणजे चार वर्षं वणीची सगळी सुखदुःखं तो प्रिंटर मुकाट्यानं ऐकून घेत होता. (कागद अडकायचे ते उगाच नव्हे.) तिसरा, काम सोडून गेलेल्या ठेकेदाराचा. चौथा कोणाचा ते कोणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच त्याला हात लावायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. लग्नाच्या यादीत असं एक नाव असतंच: कोण आहेत माहीत नाही, पण बाबांच्या वेळेपासून पत्रिका जाते. पाचवा मी.

पत्ता घालायचा तर ओळ साधी आहे: 'एसएनएमपी-सर्व्हर होस्ट', पुढे पत्ता. काढायचा तर तीच ओळ जशीच्या तशी आणि अगोदर 'नो'. आमच्या वऱ्हाडात नाही म्हणायचं तर आधी बसवतात, चहा पाजतात, पोरीबाळींची चौकशी करतात आणि फाटकापाशी सांगतात की जमत नाही बा. या यंत्राला नकार अगोदर लागतो, माणसाचं नाव मागून.

मी वरचा बाण दाबत, मागच्या ओळी उकरत, नो-नो करत सुटलो. फिल्टर गेला, प्रिंटर सुटला, ठेकेदार गेला. चौथ्याला मनातल्या मनात नमस्कार करून काढलं.

मग तीन दिवस अशी शांतता, की काय सांगू! वणीहून एक चकार शब्द नाही. नेटवर्क आता कसं सुतासारखं सरळ चालतंय, असं मी मॅनेजरसाहेबांना स्वतः होऊन जाऊन सांगितलं. चौथ्या दिवशी यादी पुन्हा उघडली. ती कोरी होती. नो-नोच्या भरात मी स्वतःलाही काढून बसलो होतो.

सकाळी बघू, म्हणून झोपलो. त्या रात्री वणीची वीज गेली, मागोमाग यूपीएसनंही मान टाकली. वीज परतल्यावर स्विच जागा झाला, तो जुनी यादी घेऊन. केलेला बदल पक्का करायला शेवटी 'राइट मेमरी' लिहावं लागतं, ते मी लिहिलंच नव्हतं. पाचही जण आपापल्या जागी हजर.

दोन वाजून दहा मिनिटांनी माझा मोबाइल उशाशी थरथरला. बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या यंत्राच्या ट्रॅपचं ठरलेलं नाव त्यावर होतं: 'वणी: कोल्ड स्टार्ट'. दिवसा पारा ४३ वर गेला होता. भिंती अजून तापलेल्याच होत्या.

"कोन हाये एवढ्या राती?" बायकोनं विचारलं.

"वणी."

"काय म्हनते?"

"थंड सुरुवात झाली म्हणते."

तिनं कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.