मान हेच धन

शालेय व्याकरणात ‘विद्याधन’ या शब्दाचा विग्रह ‘विद्या हेच धन’ असा दिलेला असतो आणि त्यास कर्मधारय समास म्हटले जाते. शासकीय व्यवहारातील ‘मानधन’ हा शब्द भाबड्या माणसांना ‘मान म्हणून दिलेले धन’ असा वाटतो. परंतु बालसंगोपनाच्या योजनांची अंदाजपत्रके चाळली असता तोही कर्मधारयच असल्याची, म्हणजे तेथे मान हेच धन असल्याची, खात्री पटते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे सहा वर्षांखालील मुलांना आणि गरोदर व स्तनदा मातांना पोषण, लसीकरण व पूर्वप्राथमिक शिक्षण पुरवणारी व्यवस्था, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिचा सारा भार वाहणारी अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’ असल्यामुळे तिला वेतन नसते. केंद्राने २०१८ मध्ये तिचे मानधन दरमहा ४,५०० रुपये केले आणि त्यात राज्ये आपापल्या ऐपतीप्रमाणे व आंदोलनाच्या तीव्रतेप्रमाणे भर घालतात. २०१५ मध्ये चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला, तेव्हा केंद्राने या योजनेची मूळ तरतूद निम्म्याहून खाली आणली. सुनेच्या हाती किल्ल्या दिल्या, म्हणून डबेही रिकामे करून ठेवले. ही योजना चालवणाऱ्या खात्याच्या तत्कालीन मंत्री मनेका गांधी यांनाच अर्थमंत्र्यांकडे पत्राने गाऱ्हाणे मांडावे लागले, यावरून मानाचा पुरवठा मंत्रिमंडळातही अपुरा असावा.

पाळणाघरांच्या बाबतीत काटकसर अधिक शास्त्रशुद्ध होती. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत केंद्र ९० टक्के आणि चालवणारी संस्था १० टक्के खर्च उचलत असे. २०१७ पासून हे प्रमाण केंद्र ६०, राज्य ३० आणि संस्था १० असे झाले, आणि अनेक पाळणाघरांना कुलपे लागली. त्याच वर्षी मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा मिळाली. बापाच्या भेटींविषयी कायद्याने मौन पाळले आहे. शेताच्या बांधावर किंवा चार घरची धुणीभांडी करताना पन्नास सहकारी कोठून आणावेत, याविषयीही.

ही पोकळी ‘आजी’ नावाची अघोषित योजना भरून काढते. तिच्यात केंद्र, राज्य आणि कुटुंब यांच्या वाट्याचे प्रमाण ०:०:१०० असे असून, आजी दारिद्र्यरेषेखालील व साठीची असल्यास केंद्राकडून तिला वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात दरमहा २०० रुपये मिळतात. आजी अंथरुणाला खिळली की योजना बंद पडत नाही, फक्त लाभार्थींत एकाची भर पडते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाला या श्रमांची नोंद घेणे जमत नाही, कारण त्याच्या नियमानुसार घरी खाण्यासाठी ज्वारी पिकवणे हे उत्पादन असते, तिची भाकरी थापणे हे मात्र नसते. तीच भाकरी खानावळीत थापली की ती देशाच्या प्रगतीस हातभार लावते. वेळ-वापर सर्वेक्षण, म्हणजे माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची सरकारी मोजदाद, याबाबत अधिक उदार आहे. २०१९ मध्ये बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दररोज २९९ मिनिटे खर्च करत होत्या आणि २०२४ मध्ये २८९. स्त्रियांची ही दहा मिनिटे पुरुषांनी उचलली असतील, अशी शंका कोणी घेऊ नये. घरकाम करणाऱ्या पुरुषांनीही आपली मिनिटे ९७ वरून ८८ वर आणली आहेत. समानता जवळजवळ साधली आहे, फरक एका मिनिटाचा आहे.

या साऱ्या सिद्धान्ताची परीक्षा एखाद्या अंगणवाडीत सहज होते, विशेषतः सेविकेचे स्वतःचे मूल तेथेच बसत असेल तर. सकाळी वजनकाट्यावर चढलेले ते मूल पटावरील लाभार्थी असते, त्याचे वजन मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये भरले जाते आणि त्याने सदऱ्यावर खिचडी सांडली तर ती पुसणे ही राष्ट्रसेवा ठरते. दुपारी दाराला कुलूप लागते, आई त्याला कडेवर घेऊन घराकडे निघते आणि खिचडीचा जो डाग अर्धवट पुसला गेला, तो उंबरठा ओलांडताच खासगी होतो.