ताकाला जाऊन गॅलन लपवणे

अमेरिकेतल्या सुपरमार्केटात दूध गॅलनने मिळतं आणि कोका-कोलाची मोठी बाटली चक्क दोन लिटरची. यावर तिथे कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही.

हा गॅलन मूळचा वाइनचा. राणी ॲनच्या राज्यात, १७०७ साली, तो २३१ घनइंचांचा ठरला. इंग्रजांनी १८२४ मध्ये तो मोडीत काढून साडेचार लिटरचा नवा आणला. पण ज्यांनी बोस्टनच्या बंदरात इंग्रजांचा चहा ओतून दिला, त्यांनी इंग्रजांचा हा टाकाऊ गॅलन मात्र जिवापाड जपला. ३.७८५ लिटर! या वाइनच्या मापाने तिथे आज दूध, पेट्रोल, भिंतीचा रंग, सगळं मोजतात. वाइन तेवढी ७५० मिलिलिटरच्या बाटलीत.

बरं, १९५९ पासून इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर. म्हणजे गॅलनची व्याख्याही शेवटी मेट्रिकच्याच ओसरीवर येऊन बसते. पण हे चारचौघांत बोलायचं नाही.

१९७५ मध्ये मेट्रिकचा कायदा झाला, पण ऐच्छिक. रस्त्याच्या कुठल्या बाजूने गाडी हाकायची हे ऐच्छिक ठेवावं, तसा. त्यासाठी नेमलेलं मंडळ १९८२ मध्ये गुंडाळलं.

लंडनचा पाइंट ५६८ मिलिलिटरचा, न्यूयॉर्कचा ४७३. तहान बहुधा सारखीच. आणि अमेरिकन कप? स्वयंपाकघरात २३६.६ मिलिलिटर, खाद्यपदार्थाच्या लेबलावर २४०. मधले जवळजवळ साडेतीन मिलिलिटर कुठे सांडले ते विचारू नये. सरकारलाही पूर्णांक आवडतात, फक्त मेट्रिकमधले.