अर्धी गोळी

आमच्या घरात "आलंय का गं?" या प्रश्नाचे दोन अर्थ आहेत. सकाळी सहाच्या आत विचारला तर नळाचं पाणी, सहानंतर विचारला तर माझं दुखणं. डॉक्टर त्याला फ्लेअर म्हणतात. आम्ही नुसतं 'आलंय' म्हणतो, देवी अंगात येते त्या चालीवर. फरक एवढाच की देवी मंगळवार-शुक्रवार पाळते, हे काहीच पाळत नाही.

माझा संधिवात म्हातारपणी गुडघे झिजतात त्यातला नव्हे. हा र्‍हुमॅटॉइड. म्हणजे सोसायटीच्या वॉचमनने चोर सोडून रहिवाशांनाच दांडक्याने बडवावं, तशी शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर उठते. रात्री बरी निजलेली बोटं सकाळी भिजवलेल्या वालांसारखी टम्म. मग दुधाची पिशवी. कात्रीच्या कड्यात अंगठा शिरत नाही, म्हणून पिशवी दातांनी फाडायची; अर्धं दूध पातेल्यात, पाव ओट्यावर, उरलेलं गाऊनवर. तास-दीड तासाने बोटं जरा वळायला लागतात, तोवर बाथरूमची कडी आतून लावत नाही. एकदा लावली होती. उघडायला नवऱ्याला बाहेरून दार हलवून हलवून स्क्रू ढिले करावे लागले. ती कडी अजून तशीच लोंबते आहे.

परवाचं 'आलंय' चांगलंच आलं, तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरांनी नेहमीच्या आठवड्याच्या गोळीच्या जोडीला प्रेडनिसोलोन लिहून दिलं. रोज वीस मिलिग्रॅम, सकाळी, नाश्त्यानंतर. "भूक लागेल, झोप उडेल, साखर तपासत राहा. आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही." शेवटचं वाक्य त्यांनी नवऱ्याकडे बघून म्हटलं. मला ते ओळखून आहेत.

घरी आल्यावर सासूबाईंनी चिठ्ठी लांब धरून वाचली. "स्टिरॉइड? अगं, हाडं पोखरतात त्यानं." हे खोटं नाही, म्हणून तर कॅल्शियमची गोळीही चिठ्ठीत होती. पण आईंकडे पर्याय तयार होता. जुन्या वैद्यकात आमवाताला शरीराच्या रानात हिंडणारा हत्ती म्हटलंय आणि त्याला मारणारा एकमेव सिंह म्हणजे एरंडेल. रूपक झकास आहे. मागच्या वर्षी तो सिंह मी सुंठेच्या काढ्यातून घेतला होता. हत्ती जागचा हलला नाही. रात्रभर पळापळ झाली ती माझी.

गोळीचं मात्र काय सांगावं! दुसऱ्या दिवशी मूठ वळली. तिसऱ्या दिवशी ठाण्याहून परतल्यावर डोंबिवली स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेला वळसा घालून मी फडके रोडने चालत थेट गणपतीच्या देवळापर्यंत गेले, आणि येताना दोन जुड्या मेथी, नारळ, पाव किलो फरसाण आणि कारण नसताना एक प्लॅस्टिकची बादली घेऊन आले. यात नवल नाही असं नंतर वाचल्यावर कळलं. अमेरिकेत रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच नावाचे गृहस्थ होते. कावीळ झाली की संधिवाताच्या रोग्यांचं दुखणं ओसरतं, गरोदर बायकांचंही ओसरतं, हे त्यांच्या 1929 पासून ध्यानात येत गेलं. म्हणजे शरीरातच कुठेतरी औषध आहे, नेमकं कोणतं तेवढं सापडत नव्हतं. ते सापडल्यावर सप्टेंबर 1948 मध्ये अंथरुणाला खिळलेल्या एका एकोणतीस वर्षांच्या बाईला त्यांनी ते टोचलं. त्याचं नाव पुढे कॉर्टिसोन पडलं; माझी गोळी त्याच घराण्यातली. आठवडाभरात ती बाई उठून गावात गेली आणि तीन तास खरेदी करून आली म्हणतात. 1950 मध्ये हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. बादली तिनंही घेतली असणार, अशी माझी खात्री आहे.

दुष्परिणाम जगाला मागाहून कळले. मला चौथ्या रात्री कळले. अडीचला टक्क डोळे उघडले आणि अंगात असा उत्साह की माळा साफ करायला घेतला. सोऱ्याच्या हरवलेल्या दोन चकत्या सापडल्या, मुलाचं चौथीचं प्रगतिपुस्तक सापडलं. साडेतीनला फोडणीची पोळी करून उभ्या उभ्या खाल्ली, मग आणखी एक. सकाळी घर लखलखीत, डब्यात तीन भाज्या, आणि मी विळीवर चवथी चिरते आहे. मुलगा म्हणाला, "आई वीसवर असली की भारी असते." नवरा काही बोलला नाही, पण त्यानंही डबा दोनदा उघडून पाहिला. मला जरासं लागलंच. म्हणजे पाचवरची आई कशी असते, ते कुणी विचारलंच नाही.

तोवर चेहरा गोल व्हायला लागला. आपल्याकडे बायकांच्या मुखाला चंद्राची उपमा द्यायची जुनी खोड. डॉक्टरांकडे तोच 'मून फेस' दुष्परिणामांच्या यादीत. इमारतीत मात्र "तब्येत छान सुधारली हो!" सुरू झालं. लोकलमध्ये तर पंचाईतच. डोंबिवली ते ठाणे जलद गाडीने वीसेक मिनिटं, पण वरचं हँडल धरायला बोटं हवीत. पूर्वी माझा ओढलेला चेहरा बघून चौथ्या सीटवरची एखादी तरी सरकायची. आता गुबगुबीत गालांनी उभ्या राहणाऱ्या बाईला कोण जागा देणार? उलट एका मुलीनं मला विचारलं, "काकू, माझी सॅक वर ठेवता?" ठेवली. वीस मिलिग्रॅम बोलत होते ते.

मग उतरण सुरू झाली. वीसवरून पंधरा, दहा, साडेसात, पाच. एवढं हळू का, तर डॉक्टरांनी समजावलं ते मी घरी माझ्या भाषेत सांगितलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात. त्या याच जातीचं रसायन रोज थोडंथोडं बनवतात, पहाटेला जरा जास्त. बाहेरून गोळी यायला लागली की त्या हात आवरतात. पोळ्यांना मावशी लावल्यावर आपलं होतं तेच. सहा महिन्यांनी मावशी न सांगता गावी गेल्या, तर पहिल्या दिवशी कणीकसुद्धा धड भिजत नाही. तेव्हा मावशींना एकदम रजा द्यायची नाही; आधी दहाच्या आठ पोळ्या, मग सहा, आपला हात बसेतो. आई ऐकत होत्या. "मग मावशी लावल्याच कशाला?" एवढंच म्हणाल्या, पण कालनिर्णयवर रोजचे आकडे लिहायचं काम आपणहून घेतलं. दुधाच्या खाड्यांशेजारी, सिलिंडरच्या तारखेखाली, बारीक अक्षरात 15, 10. महिनाअखेर नवऱ्यानं दुधाचा हिशोब करताना विचारलं, "साडेसात लिटर कधी घेतलं?"

खरी अडचण त्या साडेसातात होती. पाचाची एक आणि पाचाचीच अर्धी. गोळीच्या मध्यावर रेघ असते. दोन अंगठ्यांनी दाबली की तुटते, असं ज्यांचे अंगठे चालतात ते सांगतात. आता गंमत बघा, गोळी मोडायला लागणारी बोटं चालू ठेवायला तीच गोळी हवी. पहिल्या दिवशी विळीवर धरली. अर्धी फ्रिजखाली गेली, अर्धीचं पीठ झालं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं सुरी लावली, तेव्हा पाऊण आणि पाव असे वाटे पडले. कोणता आज घ्यायचा यावर ऑफिसची गाडी चुकेपर्यंत चर्चा.

तिसऱ्या दिवशी आई देवघराच्या खणातून अडकित्ता घेऊन आल्या. मामंजी गेल्यापासून तो कुणी उघडला नव्हता. कडेला सुपारीची तांबूस पूड अजून होती. त्यांनी तो धुतला, पदराला पुसला, माझ्या हातातली गोळी रेघेवर बरोबर बसवली आणि चष्मा न लावता दाबला. कट्. दोन सारखे चंद्र.

"हे विष आहे," आई म्हणाल्या, आणि एक अर्धुक माझ्या तळहातावर ठेवून दुसरं चांदीच्या चुनाळ्यात झाकून ठेवलं. "आधी पोहे खा."